प्रश्न क्रमांक ७

अथर्वची आई (बी ५०२): नमस्कार. कालच्या प्रश्नमंजुषेबद्दल आहे. देशपांडे काकांना वेगळा मेसेज केला होता, निळ्या टिका आल्या, उत्तर नाही, म्हणून इथे लिहितेय. प्रश्न क्र. ७, केसरीचे पहिले संपादक कोण? अथर्वने आगरकर लिहिलं, त्यावर लाल फुली. त्या एका मार्काने तिसरा नंबर गेला. प्रश्न बक्षिसाच्या पेनाचा नाहीये.

पाटील (ए ६०३): पेनाचाच आहे वहिनी, चांगलं जाडजूड होतं 😄

देशपांडे काका (ए १०१): ताई, स्पर्धेच्या पत्रकातील नियम क्र. ४ पाहावा. परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील. बाकी केसरी म्हणजे टिळक, हे पुण्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

अथर्वची आई (बी ५०२): शेंबडं पोर कोणाला म्हणालात काका?

शिंदे (सी ३०१): टेरेसची किल्ली कोणाकडे आहे?

जोशी काकू (बी १०२): कार्यक्रम फार छान झाला. सणासुदीला वाद नको. मोदकही यंदा पुरले सगळ्यांना, गेल्या वर्षीसारखं झालं नाही.

देशपांडे काका (ए १०१): गेल्या वर्षी वर्गणी न भरलेल्या घरांतूनही माणसं जेवायला आली होती, म्हणून कमी पडले. नावं घेत नाही.

सेक्रेटरी: कृपया विषयावर राहा.

रोहन (सी ७०१): आत्ता शोधलं. केसरीचा पहिला अंक ४ जानेवारी १८८१, संपादक आगरकर. टिळक तेव्हा इंग्रजी 'मराठा' सांभाळत होते. अथर्व बरोबर आहे.

देशपांडे काका (ए १०१): नेटवर काहीही असतं. नियम क्र. ४ : परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील.

नाना (सी २०४): देशपांडे, नेट राहू द्या बाजूला. मी उभा जन्म डेस्कवर काढला, राजकारणाच्या बातम्या लावण्यात. हा वाद दर गणपतीत कुठेतरी होतोच. तुम्ही फक्त १८८२ चा खटला आठवा. कोल्हापूरचे दिवाण बर्वे तिथल्या महाराजांचा छळ करतात, असं दोन्ही पत्रांतून छापून आलं. बर्व्यांनी अब्रूनुकसानीचा दावा लावला. त्यात शिक्षा कोणाला झाली? टिळकांना आणि आगरकरांना. कशाबद्दल? एक 'मराठा'चा संपादक, दुसरा केसरीचा. लेखाखाली नाव नसायचं हो तेव्हा, पण कोर्टाला उत्तर द्यायला संपादक लागायचा. टिळक केसरीचे संपादक असते, तर आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात कशाला नेलं असतं?

पाटील (ए ६०३): नाना 👏

शिंदे (सी ३०१): टेरेसची किल्ली? गाद्या भिजतायत.

रोहन (सी ७०१): पण नाना, बातमी खरी होती ना? मग शिक्षा कशी?

नाना (सी २०४): पुरावा म्हणून जी पत्रं हाती आली होती ती बनावट निघाली. माफी मागितली, तरी चार महिने झाले. त्यातले १०१ दिवस आत काढून सुटले.

पाटील (ए ६०३): म्हणजे फॉरवर्ड आलं, खात्री न करता पुढे ढकललं, आणि आत गेले.

सेक्रेटरी: त्यावरून आठवलं. लिफ्ट महिनाभर बंद राहणार, हा मेसेज कोणी पसरवला होता ते अजून कळलेलं नाही.

नाना (सी २०४): पाटील, हसण्यावारी नेऊ नका, नेमकं तेच झालं होतं. कागद हातात आला, मजकूर मनासारखा होता, छापला. आमच्या धंद्यात बहुतेक चुका अशाच होतात. मात्र दोघांनीही जबाबदारी दुसऱ्यावर ढकलली नाही. आणि त्या कोठडीत बसून काय केलं, तर वाद घातले. आधी स्वराज्य की आधी समाज सुधारायचा. आवाज इतके चढायचे म्हणे, की पहारेकरी येऊन गप्प करायचे.

जोशी काकू (बी १०२): आमच्या बी विंगच्या मीटिंगसारखं.

देशपांडे काका (ए १०१): नाना, विद्वत्तेचा आदर आहे. पण पत्रकार म्हणून खरी किंमत टिळकांनी मोजली. १८९७ ला राजद्रोहाखाली १८ महिने, १९०८ ला अग्रलेखांबद्दल ६ वर्षं मंडाले. आगरकरांनी त्या एका तुरुंगवासानंतर काय केलं? केसरी सोडला. म्हणून लोकांच्या लक्षात टिळक आहेत आणि मुलांनीही तेच लिहिणं अपेक्षित होतं. नियम क्र. ४ आहेच.

अथर्वची आई (बी ५०२): म्हणजे बरोबर काय ते नाही, तुम्हाला अपेक्षित काय ते लिहायचं? आणि ते शेंबडं पोर आधी मागे घ्या.

नाना (सी २०४): काय केलं ते सांगतो. आता जरा लांब लिहितो, चिडू नका कोणी.

आगरकर मूळचा टेंभूचा, कऱ्हाडजवळचा, घरात दारिद्र्य. मिळेल ते काम करत शिकला. एम. ए. होत आला तेव्हा आईला कळवलं, की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस. ते पाळलं. शाळेत, मग फर्ग्युसनमध्ये शिकवायचं आणि पेपर चालवायचा. १८८७ मध्ये केसरी सुटला, कारण सुधारणेवर मनासारखं लिहिता येईना. पुढच्या वर्षी 'सुधारक' काढला, इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखल्यांकडे. 'इष्ट असेल ते बोलणार आणि साध्य असेल ते करणार' हे त्यातलंच.

देशपांडे, सरकारविरुद्ध लिहून आत गेलात, तर बाहेर आल्यावर गाव हार घालतं. टिळकांचं मोठेपण कमी करत नाही, मंडाले म्हणजे चेष्टा नव्हे. पण आगरकर लिहीत होते ते गावाविरुद्ध. म्हणजे स्वतःच्या वर्गणीदारांविरुद्ध. बालविवाह, केशवपन. १८९१ ला संमतिवयाचं बिल आलं, शरीरसंबंधाला मुलीच्या संमतीचं वय १० वरून १२ करायचं, एवढंच. तेव्हा टिळक म्हणत होते परक्या सरकारने यात पडू नये, आणि आगरकर म्हणत होते कायदा हवाच. लोकांनी याच पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. असलं सहन करून पुढचा अंक वेळेवर काढायचा, हे ज्यांनी पेपरात काम केलंय त्यांना विचारा.

जोशी काकू (बी १०२): आमच्या आजेसासूबाईंचे केस काढले होते. लाल आलवणातला एकच फोटो आहे, तोही मामंजींनी कपाटाच्या तळाशी वर्तमानपत्राखाली ठेवलेला. भिंतीवर कधी लावला नाही. मला वाटतं मुलाला मार्क द्यावा.

रोहन (सी ७०१): लॉ कॉलेज रोडजवळची इन्स्टिट्यूट यांच्याच नावाची ना?

नाना (सी २०४): नाही रे. ती आघारकर, शंकर पुरुषोत्तम, वनस्पतिशास्त्रज्ञ. मात्र ज्या रस्त्यावर आहे तो गोपाळ गणेश आगरकर रस्ता.

पाटील (ए ६०३): हे रिक्षावाल्याला समजावून दाखवा, माझ्याकडून मिसळ.

सेक्रेटरी: शिंदे, किल्ली वॉचमनकडे आहे. बाकीच्यांनी आता आवरतं घ्या, नाहीतर ग्रुप फक्त अ‍ॅडमिनसाठी करतो.

देशपांडे काका (ए १०१): नाना, ही प्रश्नपत्रिका मी तुम्हाला आधी दाखवली होती. तेव्हा तुम्ही 'ठीक आहे' म्हणालात.

नाना (सी २०४): आरतीच्या गर्दीत, झांजा वाजत असताना दाखवलीत. चष्माही नव्हता. 'ठीक आहे' मी प्रसादाला म्हणालो असेन.

पाटील (ए ६०३): 😂😂

देशपांडे काका (ए १०१): सांस्कृतिक समितीतर्फे निवेदन. प्रश्न क्र. ७ बाबत मतभेद असल्याने सर्व स्पर्धकांना आहेत त्या गुणांवर एक जादा गुण देण्यात येत आहे. हा निर्णय अंतिम राहील (नियम क्र. ४). शेंबडा हा शब्द वैयक्तिक नव्हता.

अथर्वची आई (बी ५०२): सगळ्यांना एक एक दिला तर त्याचा नंबर आहे तिथेच राहतो ना काका?

पाटील (ए ६०३): बँकेत होते ना काका? 🤔

देशपांडे काका (ए १०१): माझ्या बँकेतल्या ३४ वर्षांच्या सेवेवर बोट ठेवू नये.

नाना (सी २०४): देशपांडे, पोराला मार्क द्या आणि मोकळे व्हा. आगरकर १८९५ ला गेले, चाळिशीही गाठली नव्हती, फर्ग्युसनचे प्राचार्य होते. इतकं भांडण झालेलं, तरी केसरीत मृत्युलेख टिळकांनीच लिहिला. तुमचं तर एका मार्काचं आहे.

देशपांडे काका (ए १०१): ठीक आहे. अथर्वला एक गुण. तिसरा क्रमांक विभागून. पेन एकच आहे, दुसरं समितीच्या खर्चातून येणार नाही, कोणी द्यायचं ते ठरवा.

अथर्वची आई (बी ५०२): धन्यवाद नाना 🙏

कुलकर्णी (सी ५०३): उशिरा वाचतेय. मार्क वाढवायचं चालू असेल तर आमच्या ईशाचा प्रश्न क्र. ११ पण बघा. पत्रकार दिन कधी? तिने ६ जानेवारी लिहिलंय, बाळशास्त्री जांभेकरांचं दर्पण १८३२, असं कंसात कारणही दिलंय. उत्तरपत्रिकेत ३ मे आहे.

नाना (सी २०४): ३ मे जागतिक वृत्तपत्र स्वातंत्र्य दिन. पोरगी बरोबर आहे.

देशपांडे काका (ए १०१): उद्या सकाळी बोलू. आत्ता आरती आहे.

पाटील (ए ६०३): काका, आरती कधीच झाली. प्रसादाला तुम्ही माझ्या पुढेच होतात.