मदत हवी आहे: स्टीलच्या घड्याळाच्या पॉलिशवर उरलेली धुकट झाक
घड्याळ ३१६एल स्टीलचं, वर कोटिंग नाही. पट्ट्याच्या मधल्या कड्या आरशासारख्या पॉलिशच्या, बाजूच्या ब्रश फिनिशच्या (एका दिशेतल्या बारीक रेषांच्या, मंद चमकेच्या). मधल्या कड्या दिव्याखाली तिरक्या धरल्या की कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसायच्या, नखाला मात्र लागायच्या नाहीत. क्लास्पवरचा (पट्टा बंद करायच्या खटक्यावरचा) एक ओरखडा नखाला अडतो. तो काढायचा तर बराच धातू घासावा लागेल आणि कडांची धार जाईल, म्हणून त्याला हात लावायचा नाही.

पट्टा घड्याळाच्या केसपासून (डबीपासून) सोडवून कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ ब्रशने धुतला, पूर्ण वाळवला. (हे टाळू नका, कड्यांत अडकलेला एक कण कापडाखाली आला की नवा ओरखडा पडतोच.) ब्रश फिनिशवर कॅप्टॉन टेप (पातळ, चिवट चिकटपट्टी) लावून अगदी कडेपर्यंत नखाने दाबली. मग केप कॉड कापड (धातू चमकवायचं, अतिबारीक घासणारे कण असलेलं) हलक्या हाताने एका दिशेत, प्रत्येक कडीवर सुमारे एक मिनिट.

रेषा गेल्या, पण चमकेवर धुकट झाक राहिली आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसूनही जात नाही, म्हणजे हा तेलकट थर नसून कापडातल्या कणांनीच पाडलेल्या अतिबारीक रेषा असाव्यात.

पुढची पायरी कोणती घ्यावी: १ मायक्रॉनची डायमंड पेस्ट, की हिरवं क्रोमियम ऑक्साइड (पॉलिशची बारीक भुकटी)? आणि हाताने घासायला नमदा बरा की शॅमॉय (मऊ चामडं)? रोटरी टूल (विजेवर फिरणारं हातयंत्र) नको आहे, त्याने कडा गोल होतात. इतक्या अरुंद, किंचित फुगीर कड्यांवर ज्यांनी हे केलंय त्यांनी दाब आणि वेळ किती ठेवला, तेही कृपया सांगा.