मुंबईचा चाहता विदर्भाच्या संघासाठी काम करू शकेल का?

परळकर यांचा प्रश्न:

मी व्यवसायाने क्रिकेटचा व्हिडिओ विश्लेषक आहे. सामन्यातील प्रत्येक चेंडू चित्रित करायचा, त्याची नोंद ठेवायची आणि प्रतिस्पर्धी फलंदाज कोणत्या टप्प्याच्या चेंडूवर अडखळतो, याचा अहवाल प्रशिक्षकांच्या हाती द्यायचा, असे या कामाचे स्वरूप असते. आजवर मी मुंबईतील क्लब आणि वयोगटांच्या संघांसाठी काम केले. आता विदर्भाच्या रणजी संघासोबत हंगामभर काम करण्याचा प्रस्ताव माझ्यापुढे आला आहे. मानधन चांगले आहे, कामाचा दर्जा वरचा आहे आणि मुंबईच्या संघात अशी जागा नजीकच्या काळात रिकामी होण्याची चिन्हे नाहीत.

अडचण अशी की मी लहानपणापासून मुंबईचा कट्टर चाहता आहे. मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर मुंबईने विदर्भाला १६९ धावांनी हरवून ४२वे जेतेपद मिळवले, तेव्हा मी प्रेक्षकांत होतो. पुढच्याच हंगामात नागपूरच्या उपांत्य सामन्यात विदर्भाने आम्हाला ८० धावांनी हरवले, त्याची सल अजून गेलेली नाही. (हे लिहितानाही ‘आम्हाला’ हाच शब्द आला, यावरून माझी अवस्था लक्षात यावी.) शिवाय मुंबईच्या आजच्या काही तरुण फलंदाजांचे क्लब सामने मी स्वतः चित्रित केलेले आहेत. त्यांतील कोणते ज्ञान माझे आणि कोणते माझे नाही, हे मला ठरवता येत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुना स्कोअरर यांचे उत्तर:

पहिल्या शंकेचे उत्तर मुंबईच्या इतिहासातच आहे. चंद्रकांत पंडित हे मुंबईचे यष्टिरक्षक-फलंदाज. प्रशिक्षक म्हणून त्यांनी मुंबईला रणजी करंडक जिंकून दिला आणि २०१६-१७ मध्ये मुंबई अंतिम सामन्यात गुजरातकडून हरल्यावर ते विदर्भाकडे गेले. त्यानंतर २०१७-१८ आणि २०१८-१९ अशी लागोपाठ दोन वर्षे करंडक विदर्भाकडे राहिला. दुसऱ्या वर्षी साखळीत नागपूरला मुंबईशी गाठ पडली, तेव्हा विदर्भाने डावाने विजय मिळवला आणि त्या सामन्यात १७८ धावा काढणारा फलंदाज होता वसीम जाफर, ज्याच्या नेतृत्वाखाली मुंबईने २००८-०९ आणि २००९-१० अशी दोन जेतेपदे मिळवली होती. मुंबईला घरच्याच दोन माणसांनी हरवले, असे आम्ही त्या दिवशी आपसात म्हणालो. पण त्यांना गद्दार म्हणणारा एकही गंभीर क्रिकेटप्रेमी मला मैदानावर भेटला नाही. पुढे २०२२ मध्ये बंगळुरूच्या अंतिम सामन्यात पंडितांच्याच मध्य प्रदेशाने मुंबईला सहा गडी राखून हरवले. तेव्हा समोर मुंबईचे प्रशिक्षक होते अमोल मुजुमदार, जे स्वतः खेळाडू म्हणून मुंबई सोडून आसाम आणि आंध्रकडून खेळले होते. एवढेच नव्हे, तर २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा संघ कसोटी मालिकेसाठी भारतात आला असताना त्या संघाचे हंगामी फलंदाजी प्रशिक्षकपदही त्यांनी सांभाळले होते. त्याच मुजुमदारांकडे नंतर भारतीय महिला संघाची धुरा सोपवताना कोणालाही ती गोष्ट आड आली नाही.

तेव्हा परंपरेच्या दृष्टीने तुम्ही काही आगळे करीत नाही. प्रतिस्पर्ध्याला कशाचीही सवलत द्यायची नाही, याच वृत्तीला आपण कौतुकाने खडूसपणा म्हणत आलो. तो खडूसपणा तुम्ही नागपूरला जाऊन मुंबईविरुद्ध वापरलात, तर मुंबईच्या माणसाने तक्रार कोणत्या तोंडाने करावी?

दुसऱ्या शंकेबाबत एक उदाहरण उपयोगी पडेल. मुंबईचेच माजी यष्टिरक्षक आणि माजी प्रशिक्षक सुलक्षण कुलकर्णी २०२४ मध्ये तमिळनाडूचे प्रशिक्षक म्हणून वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावर मुंबईविरुद्ध उपांत्य सामन्यासाठी आले. तिथल्या हवामानाची आणि खेळपट्टीची त्यांना पुरेपूर कल्पना होती, आणि प्रथम गोलंदाजी करावी असे त्यांचे मत होते. तमिळनाडूने नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली आणि सामना डाव व ७० धावांनी गमावला. त्यानंतर कुलकर्णी यांनी आपली नाराजी जाहीरपणे बोलून दाखवली. मुंबईची माहिती असलेला माणूस ताफ्यात असणे आणि ती माहिती मैदानावर वापरली जाणे यांत कर्णधार उभा असतो. त्यामुळे तुम्ही नागपूरला गेलात म्हणून मुंबईचे फार मोठे गुपित फुटेल, ही भीती थोडी अतिरंजित आहे.

करारपत्र यांचे उत्तर:

मी खेळाडूंच्या करारांचे काम पाहतो, म्हणून भावनेचा भाग बाजूला ठेवून लिहितो. विश्लेषक हा सहायक ताफ्याचा सदस्य असल्यामुळे क्रिकेट मंडळाची भ्रष्टाचारविरोधी संहिता त्याला खेळाडूंइतकीच लागू होते. सामन्याच्या काळात खेळाडूंसाठी राखीव भागात शिरताना मोबाइल जमा करावा लागतो. कोणत्याही क्रिकेट सामन्यावर पैज लावता येत नाही, मग ती मित्रांच्या घोळक्यात गंमत म्हणून लावलेली का असेना. पदामुळे कळलेली आणि बाहेर जाहीर नसलेली माहिती, म्हणजे कोण दुखापतग्रस्त आहे, उद्या कोण खेळणार आहे, डावपेच काय आहेत, हे गैरवापर होऊ शकेल अशा कोणालाही सांगता येत नाही. हे नियम कागदापुरते नाहीत. आयपीएलमध्ये चेन्नईच्या संघाचा पदाधिकारी सट्टा आणि माहिती पुरवण्याच्या प्रकरणात दोषी ठरला आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या लोढा समितीने त्या संघाला दोन हंगामांसाठी बाहेर ठेवले.

तुम्ही मुंबईच्या चाहत्यांच्या व्हॉट्सॲप गटांत असाल, आणि तुमच्या लिखाणावरून तसे वाटते, तर रुजू होण्याआधी त्यांतून बाहेर पडा. तिथे कोणी ‘अमका खेळतोय का रे?’ असे सहज विचारेल आणि तुमचे गप्प राहणेही उत्तर ठरेल.

क्लब सामन्यांच्या चित्रीकरणाचा प्रश्न यापेक्षा सोपा आहे. ज्या क्लबने पैसे देऊन ते करून घेतले, त्याच्या मालकीचे ते आहे, असे धरून चाला. त्या फिती आणि नोंदी परत करा, तुमच्या संगणकातील प्रती पुसा आणि तसे त्या क्लबला लेखी कळवा. रणजी सामन्यांत सर्वांना दिसलेल्या गोष्टींवरून तुम्ही काढलेले निष्कर्ष आणि नजरेची तयारी मात्र तुमची आहे. एखाद्या खेळाडूने तुम्हाला विश्वासाने सांगितलेले काही असेल, तर ते तिसऱ्या वर्गात मोडते आणि ते कोणालाच सांगायचे नसते.

उघडी_बाजू यांचे उत्तर:

मी थोडे वेगळे मत मांडतो. काम अवश्य घ्या, परंतु त्याची किंमत ओळखून घ्या. हंगामभर रोज आठ-दहा तास मुंबईच्या फलंदाजांचे दोष शोधल्यावर त्यांचा खेळ चाहत्याच्या नजरेने पाहणे तुम्हाला पुन्हा जमेलच असे नाही. माझे एक परिचित अनेक वर्षे एका संघाचे फिजिओ होते. आता त्यांना फटका दिसतच नाही, फक्त फलंदाजाचा गुडघा दिसतो.

वर्धा रोड यांचे उत्तर:

नागपूरकर म्हणून लिहितो. आमच्याकडे बाहेरून येणाऱ्याकडे संशयाने पाहिले जात नाही. जाफरवर इथे जितके प्रेम झाले, तितके घरच्या मोजक्याच खेळाडूंवर झाले असेल. पण एक गैरसमज दूर करावासा वाटतो. पंडित आणि जाफर आले म्हणून विदर्भ जिंकला, अशी जी मांडणी मुंबईत केली जाते, ती अपुरी आहे. २०२४-२५ मध्ये ते दोघेही नव्हते, तरीही आम्ही करंडक जिंकला आणि हर्ष दुबे याने त्या हंगामात ६९ बळी घेऊन स्पर्धेचा विक्रम केला. तुम्ही आलात तर आम्हाला मुंबईची शिकवणी द्यायला नव्हे, एका चांगल्या संघात काम करायला या.

परळकर यांचा प्रतिसाद:

सर्वांचे आभार. क्लबच्या नोंदी परत करण्याचे मी ठरवले आहे आणि दोन गटांतून आजच बाहेर पडलो. एकच गोष्ट अजून विचारतो: मुंबईविरुद्धच्या सामन्यापुरती मला कामातून सूट द्यावी, असे करारात सुचवणे योग्य होईल का?

वर्धा रोड यांचे उत्तर:

कृपया सुचवू नका. एक हंगाम अंतिम सामन्यात आणि पुढचा उपांत्य सामन्यात, असे लागोपाठ दोन हंगाम हे संघ बाद फेरीत समोरासमोर आले. वर्षभराचे सर्वांत मोठे पाच दिवस विश्लेषकाशिवाय काढायचे असतील, तर व्यवस्थापन तुम्हाला घेईलच कशाला? ती सूट हवीशी वाटत असेल, तर प्रस्तावाला आत्ताच नकार कळवा. हंगाम सुरू होण्याआधी त्यांना दुसरा माणूस शोधता येईल.