गावच्या बँकेनं काढलेली नोट: खरी की खेळण्यातली?

साखरपेठकर
मंडळी, घराची आवराआवर चालू आहे. आजोबांचं सोलापुरात चाटी गल्लीत कापडाचं दुकान होतं, आणि पोस्टाची तिकिटं नि नाणी जमवायचा नाद. त्यांच्या एका जुन्या रोजमेळात दहा डॉलरची नोट सापडली. वरती ‘नॅशनल करन्सी’, मधोमध अमेरिकेचे पहिले अर्थमंत्री हॅमिल्टन यांचं चित्र, मालिका १९२९. शिक्का आणि नंबर तपकिरी. इथवर ठीक. पण डाव्या हाताला काळ्या शाईत एका बँकेचं नाव आहे, ‘फर्स्ट नॅशनल बँक’, आणि खाली आयोवा राज्यातलं एक गाव. नकाशात बघितलं तर ते गाव आपल्या मंद्रूपहून लहान निघालं. एवढ्याशा गावातली बँक स्वतःच्या नावानं नोटा कशी काढेल? विकायची घाई नाही, भानगड काय आहे ते समजून घ्यायचंय.

गड्ड्याची_जत्रा
आमच्या लहानपणी गड्ड्याच्या जत्रेत असल्या नोटा दहा पैशाला पुडकंभर मिळायच्या. बघा बुवा.

जुना_कॅशिअर
गड्ड्यातली नाही ही. कागद हातात आल्याशिवाय कुठलाच कॅशिअर शपथेवर बोलणार नाही, पण वर्णन तंतोतंत जुळतंय. नागरी बँकेत काउंटरमागं नोकरी झाली माझी, हा नाद तिथूनच लागला. त्यामुळं जरा लांबण लागेल.

१८६१ च्या आधी अमेरिकेत सरकारची म्हणावी अशी कागदी नोटच नव्हती. राज्यानं परवानगी दिलेली प्रत्येक बँक आपापली नोट छापायची. बँक जितकी लांबची, तितका वटाव जास्त. दुकानदार गल्ल्यापाशी छापील पुस्तिका ठेवायचे. कुठल्या बँकेची नोट किती टक्के कापून घ्यायची, कुठली बुडाली, कुठल्या नोटेच्या खोट्या प्रती फिरताहेत, सगळं त्यात. सोलापूरकरांना यात नवल वाटायला नको. तुळजापूर, नळदुर्ग निजामाच्या मुलखात आणि बाजारहाट सोलापुरात. सात हाली (निजामाचे रुपये) म्हणजे सहा कळदार (इंग्रजी रुपये), हा हिशेब आपल्या पेठांतल्या जुन्या व्यापाऱ्यांना तोंडपाठ असायचा.

पुढं तिथं यादवी युद्ध पेटलं, सरकारला पैसा हवा होता. फेब्रुवारी १८६३ मध्ये नॅशनल बँकांचा कायदा झाला, जून १८६४ मध्ये तो पुन्हा नीट बांधला. मेख अशी: बँकेनं सरकारी रोखे विकत घ्यायचे आणि सरकारी खजिन्यातच ठेव म्हणून ठेवायचे. त्या रोख्यांच्या ९० टक्क्यांपर्यंत नोटा बँकेला मिळणार, तिच्या नावानं छापलेल्या. म्हणजे सरकारला कर्ज मिळालं, बँकेला रोख्यांवरचं व्याज मिळालं, आणि त्याच नोटा गावात कर्जाऊ देऊन दुसरं व्याज. एका पैशावर दोनदा व्याज! आमच्या संचालक मंडळाला ही युक्ती कळली असती तर झोप लागली नसती. राज्यांच्या जुन्या बँकांच्या नोटांवर १८६६ पासून १० टक्के कर बसवला, त्या आपोआप बाद झाल्या.

तुमच्या नोटेवर बारीक अक्षरात लिहिलेलं असेल की ही नोट अमेरिकेच्या खजिनदाराकडं ठेवलेल्या रोख्यांनी सुरक्षित आहे. सगळा जीव त्या ओळीत आहे. बँक बुडाली तरी नोट बुडत नाही. १९३० नंतर तिकडं गावोगावच्या बँकांना कुलपं लागली, ठेवीदार रडले, पण नोट ज्याच्या हातात होती त्याचं काही गेलं नाही. नागरी बँकांच्या दारात ठेवीदारांच्या रांगा बघितलेल्या माणसाला यातलं मर्म वेगळं सांगायला नको.

आता एवढ्याशा गावाचं. आधी छोट्या गावातही ५०,००० डॉलरचं भांडवल लागायचं. १९०० च्या कायद्यानं ३,००० वस्तीपर्यंतच्या गावांसाठी ते २५,००० वर आणलं, आणि रोख्यांच्या पूर्ण दर्शनी किमतीइतक्या नोटा काढायची मुभा दिली. मग काय, रेल्वेचं स्टेशन आणि धान्याचं कोठार असलेल्या गावातही नॅशनल बँक उभी राहिली. शेवटपर्यंतचा आकडा धरला तर १२,००० हून जास्त बँकांनी अशा नोटा काढल्या.

मला सगळ्यात आवडतो तो त्यातला हातकामाचा भाग. नोटा वॉशिंग्टनहून सुट्या येत नव्हत्या, न कापलेले ताव यायचे. १९२९ च्या आधीच्या, आकारानं मोठ्या नोटा घ्या. तावावर बँकेचा कॅशिअर आणि अध्यक्ष सही करणार, कुणी टाक बुडवून, कुणी रबरी शिक्का मारून, आणि मग कात्रीनं कापणार. म्हणून त्या नोटांची एक कड बऱ्याचदा तिरकी असते. शाईच्या सह्या कुठं उडालेल्या, तर कुठं अध्यक्षांची सही इतकी घाईची की नुसती रेघ. दिवसभर काउंटर सांभाळून संध्याकाळी ताव कापत बसलेला तो कॅशिअर मला लगेच ओळखीचा वाटतो. आम्ही तारेनं शिवलेली बंडलं सोडवता सोडवता अंगठ्याची साल काढून घेतली, त्याच्या हाताला कात्रीचे घट्टे पडले असतील. १९२९ मध्ये नोटा लहान झाल्या, सह्या छापूनच येऊ लागल्या, पण सहा नोटांचा ताव कापायचं काम गावातच राहिलं. तुमच्या नोटेची वरची-खालची कड पट्टी लावून बघा.

१९३५ मध्ये सरकारनं ज्या रोख्यांवर या नोटा उभ्या होत्या तेच परत घेऊन फेडले. आधार गेला, नोटा संपल्या.

साखरपेठकर
काका, वाचताना मजा आली. खालची कड खरंच एका बाजूला चढलीय. नोटेवर एक आकडा पुन्हा पुन्हा आलाय, दोनदा उभा जाड काळ्यात आणि दोनदा तपकिरी. तो काय? आणि आपल्याकडं असं कधी होतं का? सोलापूरच्या एखाद्या बँकेनं काढली असती तर…

जुना_कॅशिअर
तो बँकेचा सनद क्रमांक, म्हणजे सरकारनं तिला दिलेल्या परवान्याचा नंबर. १९२९ मालिकेच्या पहिल्या नोटांवर तो दोनदाच छापत. मे १९३३ पासून तपकिरीत आणखी दोनदा घालू लागले. म्हणजे तुमची नोट १९३३ ते ३५ मधली, शेवटच्या खेपेची. खूण पटवायची तर अनुक्रमांक बघा: सुरुवातीला अक्षर आहे आणि शेवटी काहीच नाही, असं असलं पाहिजे. आधीच्या प्रकारात दोन्ही टोकांना अक्षर असतं.

आपल्याकडं मुंबईत होतं. बँक ऑफ बॉम्बे १८४० ची, तिच्या स्वतःच्या नोटा होत्या. १८६१ च्या कागदी चलन कायद्यानं तो हक्क काढून सरकारनं स्वतःकडं घेतला. सोलापुरात नागरी बँका निघेपर्यंत ते दार बंद झालेलं. आता तर रिझर्व्ह बँक कायद्याचं कलम ३१ आहे. धारकाला मागताक्षणी पैसे देण्याचं वचन लिहिलेला कागद दुसऱ्या कुणी काढायचाच नाही, हुंडीसुद्धा नाही.

गड्ड्याची_जत्रा
मान गये! पण किंमत काय येईल? आणि अमेरिकेत आज दुकानात चालेल का?

जुना_कॅशिअर
चालेल, दहा डॉलरलाच. तेवढा वेडेपणा करू नका म्हणावं. संग्राहक नोट किती जुनी आहे हे नंतर बघतो, आधी गाव बघतो. ज्या बँकेच्या दोन-चारच नोटा उरल्यात तिची मळकी नोटही भाव खाते, आणि मोठ्या शहरातल्या बँकेची कोरी नोट स्वस्तात मिळते. साखरपेठकर, एवढं करा: लॅमिनेशन नको, इस्त्री नको, खोडरबर नको, चिकटपट्टी तर अजिबात नको. जाड पारदर्शक पाकिटात ठेवा आणि त्या रोजमेळातून बाहेर काढा, जुन्या वहीच्या कागदात आम्ल असतं, नोटेला डाग धरतो.

नळदुर्गची_सून
हालीचं नाव निघालं म्हणून लिहिते. आमच्या सासरी चांदीचे हाली रुपये अजून देवघरात आहेत. निजामाच्या कागदी नोटाही होत्या ना? त्या बँकेच्या होत्या की सरकारच्या?

जुना_कॅशिअर
सरकारच्या, ताई. १९१८ च्या कायद्यानं निघाल्या. १९४२ पासून कारभार हैदराबाद स्टेट बँकेकडं गेला, तरी चलन संस्थानाचंच. हाली १९५९ पर्यंत टिकलं. त्या नोटांवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू, कानडीतही रक्कम लिहिलेली असे. घरात एखादी निघाली तर दोन्ही बाजूंचा फोटो इथं टाका, मराठीतली रक्कम कशी लिहिलीय ते मला बघायचंय.