ग्रॅफाइट काढून मिरर लावला की काम झालं?

काटकोन: आमच्या लॅबमध्ये नव्या डिफ्रॅक्टोमीटरवरून (क्रिस्टलवर क्ष-किरण टाकून त्याची रचना काढणारं यंत्र) जुंपली आहे. माझं मत: ग्रॅफाइट मोनोक्रोमेटरला आता निरोप द्या, मल्टिलेअर मिरर, म्हणजे बारीक थर चढवलेला क्ष-किरणांचा आरसा, घ्या. ग्रॅफाइट तरंगलांबी निवडतो, बीम (किरणांचा झोत) एकवटत नाही. माँटेल मिररमध्ये दोन वक्र आरसे काटकोनात जोडलेले असतात. दोन्हींवर एकेकदा परावर्तन होऊन बीम शंभरेक मायक्रॉनच्या ठिपक्यात येतो, के-बीटा ही नको असलेली तरंगलांबीही गळते. परवा ०.०५ मिमीची सुई, म्हणजे सुईसारखा क्रिस्टल, लावली. ग्रॅफाइटवर अर्ध्या मिमीच्या कॉलिमेटरमधला (बीम अरुंद करणारी नळी) बहुतेक बीम सुईच्या बाजूने गेला, लूपवर (क्रिस्टल धरणाऱ्या फासावर) नि हवेत विखुरला. फ्रेमवर, म्हणजे डिटेक्टरच्या चित्रावर, नुसता धुरळा.

जुना_गोनिओ: सुईचं झालं. ०.४ मिमीच्या क्रिस्टलचं काय? बीम त्याच्या पाव. क्रिस्टल धरणारा गोनिओमीटर फिरेल तसा दर फ्रेमला वेगळा तुकडा उजळणार आणि निस्तरायचं स्केलिंगने, म्हणजे फ्रेम गणिताने एका मापात आणून! आम्ही चार्ज डेन्सिटी (क्रिस्टलमध्ये इलेक्ट्रॉन कुठे किती, याचं बारीक मोजमाप) करतो, आम्हाला सपाट बीम हवा. शिवाय मॉलिब्डेनमच्या क्ष-किरणांची तरंगलांबी ०.७१ अँग्स्ट्रॉम, तांब्याची १.५४. आरशाच्या तेवढ्याच थरांवर परावर्तनाचा कोन निम्म्याहून कमी, म्हणजे मिरर किरणही कमीच गोळा करतो.

काटकोन: मोठा क्रिस्टल तेलात ब्लेडने कापता येतो की. आणि ग्रॅफाइटमधून अर्ध्या तरंगलांबीचे किरण येतात, ते विसरलात?

जुना_गोनिओ: नाही विसरलो. पण मिररही काही धुतल्या तांदळाचे नाहीत. मॉलिब्डेनम मायक्रोसोर्सवर (बारीक ठिपक्याचा क्ष-किरण स्रोत) तिप्पट तरंगलांबीचे किरण आरशावरून पूर्ण परावर्तनाने घसरत येतात. त्यांचा १ १ १ क्रमांकाचा स्पॉट ३ ३ ३ च्याच जागी पडतो; १ १ १ जोरदार असेल तर ३ ३ ३ उगाच फुगतं. वाटेत अ‍ॅल्युमिनियमची पातळ फॉइल लावा, मग बोला. आणि कापताना तडा गेलेले क्रिस्टल कुणी मोजले आहेत का?

लांब_सेल: तुमचं छोट्या रेणूंचं भांडण चालू द्या, मी प्रोटीनवाली. आम्हाला पॉलिकॅपिलरी सुचवली होती: बारीक पोकळ काचनळ्यांची जुडी, किरण भरपूर गोळा करते. पण ती ते चहूबाजूंनी तिरपे आणून एका जागी ओतते. ३०० अँग्स्ट्रॉमच्या सेलला (क्रिस्टलमध्ये पुन्हापुन्हा येणारा घटक) स्पॉट इतके जवळ असतात की ते एकमेकांत मिसळतात. म्हणून मिरर घेतला, तर त्याचाही बीम कमी तिरपा व्हावा म्हणून स्लिट (बीमची फट) अरुंद करावी लागली.

जुना_गोनिओ: मग फ्लक्स, म्हणजे किरणांचा मारा, उरला किती?

लांब_सेल: निम्माच. पण स्पॉट सुटे झाले.