मदत हवी आहे: हा कॉम्पेन्सेटिंग युफोनियम कोणत्या घडणीचा?

नमस्कार मंडळी, इथे यॉर्कशरमध्ये गावच्या ब्रास बँडमध्ये वाजवतो. एक जुना युफोनियम (ट्यूबासारखं, पण लहान पितळी वाद्य) स्वस्तात मिळतोय. बेलवर (वाद्याच्या रुंद तोंडावर) कधी न ऐकलेलं नाव, सीरियल नंबर आहे, देश कोरलेला नाही. तीन व्हॉल्व्ह (सूर बदलायच्या दाबकळा) वर, चौथा बाजूला डाव्या हातासाठी, म्हणजे बेसन (Besson) कंपनीच्या वाद्यांसारखी मांडणी. पण व्हॉल्व्हमागच्या नळ्यांची वळणं यामाहाच्या ६४२ मॉडेलसारखी वाटतात. चिनी नक्कल असावी असा माझा अंदाज.

खरंच कॉम्पेन्सेटिंग (चौथा व्हॉल्व्ह दाबल्यावर खालचे सूर आपोआप सुरात ठेवणारा) आहे का, हे आधी बघायचंय. ही रचना शोधणाऱ्या ब्लेकलीच्या पद्धतीत चौथा दाबला की हवा पहिल्या तिन्ही व्हॉल्व्हमधून पुन्हा फिरते आणि मागच्या छोट्या नळ्यांची लांबी मिळते. त्यामुळे चारही दाबून पेडल बी-फ्लॅटच्या (एकही व्हॉल्व्ह न दाबता लागणाऱ्या सर्वांत खालच्या सुराच्या) लगेच वरचा बी-नॅचरल लागायला हवा. दुसरी कुठली खात्रीची चाचणी आहे? नुसत्या दिखाऊ नळ्या नकोत.

वरचा एफ चढा लागतो, पण तो तर महागड्यांतही लागतो, म्हणून सोडून देतोय. मला धास्ती व्हॉल्व्हमधल्या वर-खाली होणाऱ्या पिस्टनची: थोडे खडखडतात. ते घासून बसवून घेता येतात की धातूच मऊ निघतो? आणि मोठ्या शँकचा (वाद्यात घुसणाऱ्या जाड दांड्याचा) माउथपीस घट्ट बसतोय, यावरून घडण ओळखता येईल का? अशी नक्कल कुणी वर्षानुवर्षं वाजवली असेल तर जरूर सांगा. विकणारे काका शनिवारपर्यंतच थांबणार आहेत.