सल्ला हवा: डोपामिनच्या औषधात सेरोटोनिनचा संबंध काय?

हळदवही, सांगली:
माझे थोरले बंधू येथील मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात वही लिहितात. स्किझोफ्रेनियासाठी त्यांना मेंदूतील डोपामिन या रसायनाला अडवणारे हॅलोपेरिडॉल सुरू केल्यापासून भास थांबले. परंतु अलीकडे त्यांचे अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक होत जाते आणि आयर्विन पुलावरून फिरताना उजवा हात हलतच नाही. डॉक्टर आता रिस्पेरिडोन सुचवीत आहेत, कारण ते सेरोटोनिन या मेंदूतील दुसऱ्या रसायनावरही काम करते. डोपामिन अडवल्याने आलेला ताठरपणा सेरोटोनिन अडवून कसा कमी होईल, आणि डॉक्टरांना नेमके काय विचारावे, याबद्दल कृपया सल्ला द्यावा.

मिरजेचा औषधविक्रेता:
डोपामिनचे रिसेप्टर, म्हणजे पेशींवरच्या ज्या जागी बसून ते काम करते त्या जागा, पाच प्रकारचे असतात आणि हॅलोपेरिडॉल मुख्यतः त्यांतील डी-२ वर बसते. भास ओसरण्यासाठी साधारण ६५ टक्के डी-२ व्यापले जाणे पुरते; हे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास गेले की हालचालींचे नियमन करणाऱ्या स्ट्रायाटम या भागात डोपामिनला जागाच उरत नाही, आणि तुम्ही सांगितलेले बारीक अक्षर व न हलणारा हात ही त्याचीच लक्षणे वाटतात. मेंदूच्या देठातील सेरोटोनिनच्या पेशी डोपामिनच्या पेशींपर्यंत तंतू पाठवतात आणि २-ए या सेरोटोनिनच्या रिसेप्टरमार्फत त्यांना लगाम घालतात. रिस्पेरिडोन २-ए अडवते, त्यामुळे लगाम सैल होऊन स्ट्रायाटममध्ये थोडे अधिक डोपामिन सुटते व औषधाशी जागेसाठी स्पर्धा करते. मात्र मात्रा वाढत गेली की डी-२ पुन्हा भरतात आणि हा फायदा विरतो, म्हणून सर्वांत कमी परिणामकारक मात्रा कोणती, हे अवश्य विचारा. डोपामिन प्रोलॅक्टिन या संप्रेरकाला आवरून धरते आणि रिस्पेरिडोनने तो आवर सुटतो, म्हणून प्रोलॅक्टिनच्या तपासणीबद्दलही विचारा. गोळी स्वतःहून बंद मात्र करू नका; भास परततील.

कराडची शिक्षिका:
मी औषधशास्त्र शिकवते. वरील उत्तर योग्य आहे, पण सेरोटोनिनचे रिसेप्टर चौदा प्रकारचे आहेत आणि डोपामिनशी प्रत्येकाचे नाते निराळे आहे. २-सी हा रिसेप्टरही डोपामिनला आवरतो, तर १-ए च्या उत्तेजनाने कपाळामागच्या भागात डोपामिन वाढते; म्हणून ‘सेरोटोनिन वाढले की बरे वाटते’ हे वाक्य तुमच्या बंधूंच्या बाबतीत काहीच सांगत नाही. त्यांना निराशेवरची फ्लुऑक्सेटिन किंवा पॅरॉक्सेटिन चालू असल्यास ते आधी सांगा, कारण ही औषधे यकृतातील एक एन्झाइम अडवतात व त्यामुळे रिस्पेरिडोनची रक्तातील पातळी वाढते. शक्य असल्यास औषध सुरू होण्यापूर्वीचे वहीचे पान आणि आजचे पान शेजारी ठेवून डॉक्टरांना दाखवा. तोंडी वर्णनापेक्षा ते फार उपयोगी पडते.

हळदवही, सांगली:
दोघांचेही मनापासून आभार. दोन्ही पानांची झेरॉक्स काढली आहे. जुन्या पानावर ‘राजापुरी’ हा शब्द जेवढ्या जागेत लिहिला आहे, तेवढ्या जागेत आता अख्खी ओळ मावते. गुरुवारी भेट आहे, डॉक्टर काय म्हणतात ते येथेच लिहीन.