मिलिंगच्या व्हाइसचं हँडल बदलायचंय, काय लावू?

टेबलवेडा:
मंडळी, माझी ६ इंची व्हाइस आहे, म्हणजे मिलिंग मशीनच्या टेबलावर जॉब धरायचा शिकंजा, स्क्रूचं टोक १९ मिमी हेक्स (षटकोनी). सोबत आलेलं हँडल म्हणजे नुसतं बिडाचं धूड, अर्धा फेरा झाला की टेबलाच्या कडेला आपटतं, मग काढा, फिरवा, परत लावा, वीस जॉब बदलले की मनगट बोंबलतं. त्यात ते सैल, मशीन चालू असताना थरथरत सरकतं आणि खाली पडतं, परवा पायाचा अंगठा थोडक्यात वाचला. पाइपचं लांब हँडल बनवावं म्हणतोय, म्हणजे आवळायला जोर पण कमी लागेल. कोणी केलंय का?

फिटरकाका:
आधी एक सांग, स्पिंडल चालू असताना हँडल व्हाइसला काय करतंय? आवळलं की काढून बाजूला ठेवायचं, विषय संपला.
आणि लांब नको रे बाबा. हिशोब बघ, २०० मिमी हँडलच्या टोकाला २० किलोचा जोर दिलास, स्क्रूचा पिच ५ मिमी (एका फेऱ्यात जबडा तेवढा सरकतो), तर ७० टक्के घर्षणात गेले तरी जबड्यावर दीड टन येतो. लांबी दुप्पट केलीस की तीन टन, आणि हाताला कळत पण नाही. मग सरकता जबडा वर उचलतो, फिक्स जबडा मागे कलतो, जॉब खालच्या पॅरलल पट्ट्यांवरून सुटतो आणि आपण बसतो कटरला शिव्या देत.

रविवारचा_टर्नर:
काकांशी सहमत. मी स्पीड हँडल वापरतो, ते नटबोल्ट भराभर फिरवायचं वाकडं असतं ना तेच, अर्धा इंची ड्राइव्ह आणि १९ चा सॉकेट. पुढे लांब निघत असल्यामुळे टेबलाला लागत नाही, गरगर फिरवा, शेवटचा पाव फेरा तेवढा जोर. सॉकेट ६ पॉइंटचाच (आत सहा कोपरे असलेला) घे, १२ वाला कोपरे खातो. स्क्रूला चौकोनी टोक असलेल्यांनी ८ पॉइंटचा शोधा.

चिप्सचा_राजा:
मी सॉकेट थेट पट्टीला वेल्ड केला, पट्टीच्या दुसऱ्या टोकाला फिरती मूठ. वेल्डिंगआधी क्रोम पूर्ण घासून काढा, तो धूर वाईट असतो. सॉकेट गरम करून मग वेल्ड मारा आणि हळू गार होऊ द्या, पहिला माझा तडकला होता. पडू नये म्हणून आत मॅग्नेट बसवला, ती चूक, आठवड्यात आतून चिप्सची, म्हणजे लोखंडाच्या किसाची, दाढी उगवली 😄

फिटरकाका:
मॅग्नेटपेक्षा स्प्रिंगवरचा बॉल बरा. पण टेबलवेडा, जोर जास्त लागतोय ना, मग हँडलच्या आधी स्क्रू बाहेर काढून बघ. कॉलरखाली नुसता वॉशर असेल तर निम्मी मेहनत तिथेच जाते. २० मिमीच्या स्क्रूला २०×३५ ची नीडल थ्रस्ट बेअरिंग (स्क्रूच्या लांबीच्या दिशेचा दाब घेणारी) बसते, रोलरचा पिंजरा २ मिमी, दोन्ही बाजूंना १-१ मिमीचे वॉशर, म्हणजे ४ मिमी जागा कर.

टेबलवेडा:
काका, खोलली. आत ग्रीस म्हणून जे होतं ते काळा डांबर, आणि वॉशर एका बाजूला झिजून पार पातळ झालेला. साफ केली, बेअरिंग टाकली, आता तेच बिडाचं धूड दोन बोटांनी फिरतंय. टेबलाला आपटतं अजूनही, त्यामुळे स्पीड हँडल घेतोच. पाइप मात्र परत रॅकवर ठेवला.

फिटरकाका:
आणि चालू मशीनवर हँडल?

टेबलवेडा:
हुक ठोकलाय काका, भिंतीला 🙏